मानाची मेणबत्ती

प्रत्येक माणसाला एखादा निरुपद्रवी छंद असावा, असे म्हणतात. कोणी पोस्टाची तिकिटे जमवतो, कोणी जुनी नाणी, कोणी अडकित्ते. मी रुसवेफुगवे जमवते. घाबरू नका, ओळखीपाळखीच्या माणसांचे नव्हे. तो छंद महागात पडतो. माझा संग्रह तीन-चारशे वर्षांपूर्वीच्या युरोपातल्या राजेरजवाड्यांच्या रुसव्याफुगव्यांचा आहे. दारातून आधी कोण गेला, कोणाची गाडी कोणाच्या पुढे हाकली गेली, पाठीची खुर्ची कोणाला मिळाली आणि बिनपाठीच्या स्टुलावर कोणाची बोळवण झाली, या प्रश्नांवर तिकडच्या विद्वानांनी जाडजूड ग्रंथ लिहिले आहेत. त्यातला एखादा हाती लागला की माझी दुपार कशी सरते ते कळत नाही. घरातली मंडळी म्हणतात, “इथल्या लग्नांतले मानपान कमी पडले, म्हणून आता फ्रान्सच्या विहिणी शोधते आहेस का?” म्हणेनात बापडी.

माझ्या संग्रहातला एक मोठा रुसवा लंडनचा आहे. १६६१ साल, सप्टेंबरची अखेर. स्वीडनचा नवा वकील थेम्स नदीतून लंडनला उतरायचा होता. अशा वेळी इतर देशांच्या वकिलांनी आपापल्या रिकाम्या गाड्या त्याच्या स्वागताला पाठवायच्या, असा रिवाज. गाडीत वकील नाही, मान गाडीचा. प्रश्न एवढाच, की इंग्लंडच्या राजाच्या गाडीच्या मागोमाग कोणाची गाडी चालणार? फ्रान्सची की स्पेनची? दोन्ही वकिलांनी हत्यारबंद माणसे जमवली. इंग्लंडच्या राजाने आपल्या प्रजेला ताकीद दिली की मध्ये कोणी पडायचे नाही. आणि मग टॉवरच्या किल्ल्याजवळ, भर दिवसा, दोन रिकाम्या गाड्यांसाठी लढाई झाली. फ्रेंचांचे घोडे मेले, माणसेही मेली. स्पेनची गाडी राजाच्या गाडीमागून दिमाखात निघून गेली. स्पॅनिश मंडळी मोठी धोरणी. घोड्यांचे चामडी पट्टे कोणी कापू नयेत म्हणून त्यांनी आतून लोखंडी साखळ्या घातल्या होत्या. सॅम्युएल पेप्स नावाचा रोजनिशी लिहिणारा गृहस्थ त्या दिवशी कुतूहलाने हिंडत होता. त्याने हा साखळ्यांचा तपशील टिपून ठेवला आहे. शिवाय मार खाल्लेल्या फ्रेंचांच्या दाराशी जाऊन त्यांची उतरलेली तोंडेही तो पाहून आला. अशा माणसांमुळेच इतिहास वाचनीय होतो.

बातमी पॅरिसला पोचली. चौदावा लुई तेव्हा तेवीस वर्षांचा होता. स्पेनचा राजा त्याचा सासरा. लग्न होऊन वर्ष-दीड वर्षच झाले होते. पण जावयाने सरळ युद्धाची धमकी दिली. १६६२ च्या मार्चमध्ये स्पेनच्या खास दूताने लूव्हरच्या राजवाड्यात, सगळ्या देशांच्या वकिलांसमोर सांगितले, की यापुढे आमचे वकील फ्रान्सच्या वकिलांशी पुढे-मागे चालण्याची स्पर्धा करणार नाहीत. सासरा हरला. रिकाम्या गाडीची जागा ठरली.

हे वाचून हसू येते खरे; पण मराठी वाचकाला ते पुरते हसता येणार नाही. यानंतर चारच वर्षांनी, १२ मे १६६६ रोजी, आग्र्याच्या दरबारात शिवाजी महाराजांना पंचहजारी सरदारांच्या रांगेत उभे केले गेले. त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलालाही आदल्या वर्षी पंचहजारीच मनसब दिली गेली होती. त्या रांगेचा अर्थ महाराजांना कोणी समजावून सांगावा लागला नाही, आणि त्यांच्या संतापाचा अर्थ दरबारालाही सांगावा लागला नाही. उभे राहण्याची जागा हे त्या काळी वाक्य असे. आग्र्यात ते सगळ्यांना वाचता येत होते, तसेच लंडनलाही आणि पॅरिसलाही. आपल्याला आज ते अक्षर लावून वाचावे लागते, म्हणून या ग्रंथांची गरज.

पुढे व्हर्सायचा राजवाडा उभा राहिला आणि हे वाक्य लिहिण्याची कला कळसाला पोचली. तिथे राणीसमोर बसायचे कोणी याचे नियम होते. हातांची खुर्ची मुकुट धारण करणाऱ्यांना. बाकी सगळ्या बायका उभ्या. फक्त डचेस असेल तिला एक लहानसे, बिनपाठीचे, बिनहातांचे स्टूल. त्याला ‘ताबुरे’ म्हणत. आपल्या स्वयंपाकघरात वरच्या फळीवरचा डबा काढायला ठेवतो ना, तेवढेच ते. फक्त गादीचे आणि झालरीचे. पण त्या स्टुलासाठी बायकांनी नवऱ्यांच्या मागे टुमणे लावले, नवऱ्यांनी राजाच्या मागे. १६४९ मध्ये, म्हणजे व्हर्सायच्या आधीच, फ्रान्समध्ये बंडाळी माजलेली असताना राजमातेने दोन-तीन बायकांना हे स्टूल बहाल केले, तर सरदार मंडळी पॅरिसमध्ये सभा भरवून बसली. आणि ते दान राजमातेला परत घ्यावे लागले. घरात आग लागलेली असताना पाटाचा तंटा! पण थांबा. ज्यांचे सगळे घर त्या पाटावरच उभे होते, त्यांना तो तंटा किरकोळ कसा वाटावा?

या साऱ्या जगाचा चित्रगुप्त म्हणजे ड्यूक द सँ-सिमों. जन्म १६७५, मृत्यू १७५५. बुटका, तापट, विलक्षण बुद्धीचा, आणि मानापमानाच्या बाबतीत जखमेवरची खपली निघालेली असावी तसा हळवा. याच्या बापाला तेराव्या लुईने १६३५ मध्ये ड्यूक केले. म्हणजे घराण्याचा मोठेपणा तसा ताजाच. ताज्या मोठेपणाला जास्त जपावे लागते, हे आपण पाहतोच. म्हातारपणी त्याने तरुणपणच्या टिपणांवरून आपल्या आठवणी लिहून काढल्या. हजारो पाने. त्यांतले राग अजून ऊन आहेत. न्यायसभेचा अध्यक्ष मत विचारताना आम्हा ड्यूक लोकांसमोर टोपी काढत नाही, या तक्रारीवर त्याने वर्षानुवर्षे घालवली. राजाच्या अनौरस मुलांना ड्यूक लोकांच्या वरची जागा मिळाली, हे तर त्याच्या काळजात रुतलेले शल्य. राजा मेल्यावर, १७१८ च्या ऑगस्टमध्ये, त्या मुलांना पुन्हा खालच्या पायरीवर आणले गेले, तेव्हा भर सभेत आनंदाने आपल्याला घेरी येते की काय, अशी त्याला भीती वाटली. ते पान मी दोनदा वाचले. दुसऱ्याच्या पडण्याचा इतका निर्मळ, इतका प्रामाणिक आनंद मी दुसरीकडे वाचलेला नाही.

पण माझे आवडते पान वेगळेच आहे. रात्री चौदावा लुई झोपायला जाई, तोही समारंभ असे. प्रार्थना झाली की राजा सभोवार नजर टाकी आणि कोणा एकाचे नाव घेई. त्या भाग्यवंताने हातमोजा काढायचा, पुढे व्हायचे, आणि राजाचे कपडे उतरवले जात असताना एक लहानसे शमादान हातात धरून उभे राहायचे. खोलीत लख्ख उजेड असे. त्या मेणबत्तीच्या प्रकाशात काही दिसायचे नव्हते. दिसायचा तो ती धरणारा. दुसऱ्या दिवशी सगळ्या राजवाड्यात बोलबाला, काल मेणबत्ती कोणी धरली.

१७०२ मध्ये बढती डावलली गेली म्हणून सँ-सिमोंने फौजेतली नोकरी सोडली. असे कोणी आपल्याला सोडून गेलेले राजाला खपत नसे. त्यानंतर एका रात्री सँ-सिमों शयनगृहात हजर होता. राजाने नजर फिरवली आणि मेणबत्तीसाठी नाव घेतले ते नेमके त्याचेच. सँ-सिमोंने हा डाव ओळखला. राजा मनातून दुखावला होता, आणि ते कोणाला कळू नये म्हणून त्याने हा मान दिला होता. त्यानंतर कित्येक वर्षे राजाने त्याला जवळ केले नाही. मला या प्रसंगात दोघांचेही कौतुक वाटते आणि दोघांचीही कीव येते. ज्याच्या हाती एवढे राज्य, त्याला आपला राग लपवायला मेणबत्तीचा आडोसा घ्यावा लागतो. आणि ज्याला सगळे कळते, तोही ती मेणबत्ती सरळ धरून उभा राहतो. हात थरथरला असेल का?

चौदाव्या लुईला हे सारे पोकळ आहे असे कधी वाटले नाही. मुलासाठी लिहवून घेतलेल्या आठवणींत त्याने बजावले आहे, की या गोष्टींना नुसते उपचार समजणारे फार चुकतात. लोकांना आतले कारभार दिसत नाहीत, ते बाहेरून जे दिसते त्यावरूनच तोल करतात. राजा धूर्त होता. पण यंत्र सुरू करणाऱ्याला ते बंद करता येतेच असे नाही, आणि त्याची शिक्षा भोगली त्याच्या पणतवाच्या नातसुनेने.

तिचे नाव मारी आंत्वानेत. हिवाळ्याची सकाळ. राणी कपडे उतरवून उभी आहे, आता अंगात सदरा घालायचा. तिची मुख्य परिचारिका मादाम कांपाँ सदरा उलगडून हातात धरून उभी. इतक्यात मुख्य मानकरीण आत येते. ती हजर असताना सदरा देण्याचा हक्क तिचा. ती लगबगीने हातमोजे काढते आणि सदरा घेते. तोच दारावर नखाने खरवडल्याचा आवाज. (दार ठोठावणे तिथे असभ्य, नखाने खरवडायचे.) ओर्लेआँची डचेस येते. ही राजघराण्यातली, हक्क आता हिचा. हिनेही हातमोजे काढले. पण मानकरणीने सदरा सरळ तिच्या हातात द्यायचा नाही! मानकरणीने तो कांपाँबाईंना परत द्यायचा, कांपाँबाईंनी डचेसला. दिला. पुन्हा दारावर नख. या खेपेस खुद्द राणीची धाकटी जाऊ, प्रोव्हाँसची काउंटेस. डचेस सदरा तिच्यापुढे करते. एवढा वेळ राणी छातीवर हात बांधून कुडकुडते आहे. जावेने ते पाहिले. तिने हातातला रुमाल टाकला, हातमोजेही काढले नाहीत आणि घाईघाईने सदरा राणीच्या डोक्यावरून घातला, तो केस विस्कटून. राणी चीड लपवायला हसली, पण त्याआधी दातओठ आवळून दोन-तीनदा पुटपुटली, की काय हा छळ!

ही हकीकत कांपाँबाईंनीच लिहून ठेवली आहे. तिचा अर्थ मात्र लावला नॉर्बर्ट एलियास या जर्मन समाजशास्त्रज्ञाने. व्हर्साय ही चैनीची जागा आहे, तिथली माणसे रिकामटेकडी होती, असे आपण सहज म्हणतो. एलियास म्हणतो, नाही. ती माणसे घाण्याला जुंपलेली होती. सदरा देण्याचा हक्क मानकरणीने एक दिवस, राणीची दया येऊन, सोडला असता तर? दुसऱ्या दिवशी लोक म्हणाले असते की हक्क सोडला. तिसऱ्या दिवशी म्हणाले असते की हक्क नव्हताच. जो एक पायरी उतरला त्याच्या जागेवर मागचा चढायला टपलेलाच. म्हणून कोणालाच आवडत नसलेला खेळ कोणालाच सोडता येईना. राजाने सरदारांना या दोरीने बांधले, पण दोरीचे दुसरे टोक त्याच्याच कमरेला होते. सकाळी त्याने कधी उठायचे, त्याच्या रात्रीच्या सदऱ्याची उजवी बाही कोणी ओढायची, डावी कोणी, हे सगळे ठरलेले. सहा तुकड्यांत माणसे त्याच्या बिछान्याजवळ यायची. एक दिवस आळस करून पडून राहावे म्हटले तर सोय नाही.

हे वाचले तेव्हा मला व्हर्साय कधी न पाहताही ओळखीचे वाटले, आणि ओळख कुठली ते आठवायला वेळ लागला नाही. माझी मोठी आत्या. बालविधवा, लाल आलवणातली. माझ्या लहानपणी आमच्या घरी चैत्रगौरीचे हळदीकुंकू मोठ्या थाटाने होई. ओसरीपासून माजघरापर्यंत बायका. आत्या त्यात कधी यायची नाही. ती माजघराच्या दाराआड, अर्ध्या उघड्या फळीमागे उभी असे. पण सगळा समारंभ चाले तो तिच्या कुजबुजीवर. “आधी वरच्या आळीच्या काकूंना दे. त्यांच्या सुनेला अत्तर लावू नकोस अजून, आधी इनामदारीणबाई. त्या खांबाजवळ बसल्यात त्यांची ओटी दोन्ही हातांनी भर, मागच्या वर्षी राहिली होती.” आई हळदीकुंकवाची कोयरी घेऊन आत-बाहेर करी, आणि दर खेपेला दाराशी क्षणभर थांबे. गावातल्या शंभर घरांचे सगळे वर-खाल आत्याच्या डोक्यात होते. कोणाचे कुळ मोठे पण घर बसलेले, कोणाची सून नवी पण माहेर तालेवार, कोणाकडे गेल्या वर्षी आपल्याला पन्हे उशिरा मिळाले. सँ-सिमोंने तिला चिटणीस नेमले असते.

मी एकदा तिला विचारले, “तुला कोणी का देत नाही गं?” ती म्हणाली, “मी बसले तर लक्ष कोण ठेवणार?” आणि हसली. त्या वयात मला ते उत्तर पटले. आता त्या हसण्याने घशाशी काहीतरी येते. जिला त्या खोलीत बसायला जागा नव्हती, तिलाच त्या खोलीतली प्रत्येक जागा पाठ होती. बसलेल्या बायकांना फक्त स्वतःची आणि शेजारणीची जागा दिसे. आत्याला सगळी खोली दिसे.

मग मी या ग्रंथांच्या लेखकांकडे जरा निराळ्या नजरेने पाहू लागले. एलियास १८९७ मध्ये ब्रेस्लाऊला एका ज्यू घरात जन्मला. व्हर्सायच्या दरबारावरचा प्रबंध त्याने फ्रँकफुर्टच्या विद्यापीठात अध्यापनाची पात्रता मिळवण्यासाठी लिहिला. म्हणजे तोही एका दरबारात पायरी चढण्यासाठीच. प्रबंध तयार झाला १९३३ मध्ये. त्याच साली हिटलर आला. एलियास आधी पॅरिसला, मग इंग्लंडला गेला. आईवडील १९३८ मध्ये त्याला भेटायला लंडनला आले होते. ‘परत जाऊ नका’ म्हणून त्याने विनवले. वडील म्हणाले, मी आयुष्यात कोणाचे वाईट केले नाही, मला कोण काय करणार? ते परत गेले. वडील १९४० मध्ये वारले. आई नाझींनी मारली. विद्यापीठातली कायमची जागा एलियासला मिळाली ती १९५४ मध्ये, लेस्टरला, सत्तावन्न वर्षांचा असताना. आणि दरबारावरचा तो प्रबंध पुस्तकरूपाने निघाला १९६९ मध्ये. छत्तीस वर्षांनी. गावात मान असलेल्या, कायदा पाळणाऱ्या सज्जन माणसाची पायरी एका फर्मानाने कशी नाहीशी होते, हे त्याला पुस्तकात वाचावे लागले नव्हते.

त्याच वर्षांत, त्याच फ्रँकफुर्टमध्ये अर्न्स्ट कान्टोरोविच प्राध्यापक होता. तोही ज्यू, पहिल्या महायुद्धात जर्मनीसाठी लढलेला. त्यालाही जावे लागले, उशिराने, १९३८ च्या अखेरीस. पुढे अमेरिकेत बर्कलेला त्याला जागा मिळाली. तिथे १९४९ मध्ये प्राध्यापकांनी राजनिष्ठेची शपथ घ्यावी असे ठरले, आणि या म्हाताऱ्याने नकार दिला. कम्युनिझमशी त्याचे वैर होते. प्रश्न तो नव्हता. झगा घालण्याचा हक्क तीनच धंद्यांना आहे, असे त्याचे म्हणणे: न्यायाधीश, धर्मगुरू आणि विद्वान. त्या झग्याचा अर्थ असा, की याचा विवेक याच्या स्वाधीन आहे. नोकरी गेली. नंतर १९५७ मध्ये त्याचा ‘राजाचे दोन देह’ या विषयावरचा ग्रंथ निघाला: राजाला एक मर्त्य शरीर असते आणि एक न मरणारे, पदाचे.

हे दुसरे शरीर म्हणजे नुसती विद्वानांची कल्पना असेल असे वाटते; पण कान्टोरोविचचा विद्यार्थी राल्फ गीसी याने १९६० मध्ये फ्रान्सच्या राजांच्या अंत्यविधीवर पुस्तक लिहिले, त्यात तो देह चक्क जेवताना दिसतो. १५४७ मध्ये पहिला फ्रान्सिस मेला. त्याचा हुबेहूब पुतळा करून राजवस्त्रांत, राजशय्येवर ठेवला. आणि सुमारे अकरा दिवस त्या पुतळ्याला दोन्ही वेळा जेवण वाढले. पाकशाळेचे अधिकारी आले, हात धुवायला पाणी आले, मद्य आले, मानकऱ्यांनी रुमाल पुढे केला, शेवटी प्रार्थना झाली. अन्न मग गोरगरिबांना वाटले. नवा राजा त्या दिवसांत तिकडे फिरकला नाही. कारण पुतळा आहे तोवर राजा तो. (अकरा हा आकडा वाचून आपल्याकडचा वाचक चमकेल. तसा काही संबंध नाही. मीही आधी चमकले होते.)

तिसरा मार्क ब्लॉक. फ्रान्सचे राजे हात लावून गंडमाळा बऱ्या करतात, या समजुतीवर त्याने १९२४ मध्ये एक मोठा ग्रंथ लिहिला. चौदावा लुई सणाच्या दिवशी रोग्यांच्या रांगेपुढून जात जात एकेकाला हात लावी. हा उपचार अगदी १८२५ पर्यंत टिकला. दहाव्या चार्ल्सने राज्याभिषेकानंतर शंभरावर रोग्यांना स्पर्श केला, आणि मग ते बंद झाले. ब्लॉक विचारतो, गुण येत नव्हता तरी लोकांची श्रद्धा इतकी शतके कशी टिकली? त्याचे उत्तर असे, की चमत्कार घडलाच पाहिजे असे लोकांनी आधीच धरले होते. हा माणूस दोन्ही महायुद्धांत फ्रान्सच्या सैन्यात होता. १९४० मध्ये ज्यू म्हणून त्याला शासकीय पदांना अपात्र ठरवले गेले. नंतर त्याच्या विद्वत्तेसाठी अपवाद केला गेला, म्हणजे हाही एक मानच. पुढे तो भूमिगत चळवळीत गेला. मार्च १९४४ मध्ये पकडला गेला, छळ झाला, आणि १६ जूनला त्याला इतर कैद्यांबरोबर लिओंजवळच्या एका शेतात गोळ्या घातल्या.

सगळे दरबारी इतिहासकार असे नव्हते, हे मला माहीत आहे. पण राजांच्या सदऱ्यांवर, पुतळ्यांवर आणि हातांवर इतक्या गंभीरपणे, न हसता लिहिणारे हे तिघे, तिघेही स्वतःच्या देशात पाट ओढून घेतलेले, यात मला माझी दाराआडची आत्या दिसते. याला शास्त्र म्हणत नाहीत. नसेल.

अलीकडच्या पंडितांनी एलियासला बरेच दामटले आहे, आणि काही बाबतींत ते रास्त आहे. येरोन डाउंडाम या डच इतिहासकाराने १९९० नंतर दाखवून दिले की फ्रान्सचे बहुसंख्य सरदार व्हर्सायला राहतच नव्हते. मग पिंजरा कोणासाठी? दरबारचे पुष्कळसे नियम लुईच्या आधीचे, तिसऱ्या आंरीच्या काळापासूनचे. आणि सँ-सिमोंसारख्या नाराज माणसाची साक्ष शब्दशः कशी धरायची? हे खरे. आपल्याकडेसुद्धा लग्नाचा वृत्तान्त रुसलेल्या विहिणीकडून ऐकला तर तो कसा असेल? पण ती एक गोष्ट खोटी सांगत नाही: तिला कुठे लागले ते.

याहून मला विचारात पाडले ते एमान्युएल ल रॉय लादुरी या फ्रेंच इतिहासकाराने. १९९७ मध्ये एका सहकाऱ्याबरोबर त्याने सँ-सिमोंवर पुस्तक लिहिले, आणि व्हर्सायचे कोडे सोडवायला किल्ली आणली ती आपल्याकडून. लुई द्यूमाँ नावाचा फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ तामिळ मुलखात राहून गेला होता. १९६६ मध्ये त्याने भारतीय जातिव्यवस्थेवर ‘होमो हायरार्किकस’ हा ग्रंथ लिहिला. शुद्ध आणि अशुद्ध या जोडीवर सगळी उतरंड उभी आहे, असा त्याचा सिद्धान्त. ल रॉय लादुरी म्हणतो, सँ-सिमोंचा अनौरस मुलांवरचा राग हा असाच आहे. त्याला त्यांचा विटाळ वाटतो. वाचून क्षणभर बरे वाटले, की आमचाही उपयोग झाला म्हणायचा. मग ते बरे वाटणे ओसरले. द्यूमाँवर पुष्कळांनी आक्षेप घेतला, तो असा की त्याने जात पाहिली ती वरच्या पायरीवर बसून. खाली असणाऱ्याला ती कशी लागते हे त्याने विचारले नाही. सँ-सिमोंचेही तेच. हजारो पानांत स्टुलांची मोजदाद आहे; ते स्टूल उचलून आणून ठेवणारा क्वचितच. मला स्वतःलाही हे विचारायला हवे. आत्याला घरातला पाट नव्हता, पण दाराआडची जागा होती. आमच्या चैत्रगौरीला अंगणाच्या फाटकापाशी ज्या बायका उभ्या राहत आणि ज्यांच्या पदरात वरून डाळ टाकली जाई, त्यांचा क्रम तर आत्यालाही पाठ नव्हता. तो कोणीच ठेवला नव्हता.

वकिलांच्या गाड्यांचा तंटा मात्र एकदाचा मिटला, आणि इतक्या साध्या रीतीने की इतकी माणसे मेली कशाला असे वाटावे. १८१५ मध्ये व्हिएन्नाला युरोपचे सारे मुत्सद्दी जमले होते, तेव्हा ठरले की राजा कोणाचा मोठा हे पाहायचे नाही. एका दर्जाच्या वकिलांमध्ये जो त्या राजधानीत आधी येऊन रुजू झाला तो पुढे. रेशनच्या रांगेचा नियम! तो अजून चालू आहे. १९६१ च्या व्हिएन्ना करारातही तोच घातला आहे. एखाद्या चिमुकल्या देशाचा वकील दहा वर्षे चिकटून राहिला, तर सगळ्या बड्या देशांच्या वकिलांपुढे तो चालतो.

आणि कांपाँबाई? राज्यक्रांतीत राणी गेली, मानकरणी पांगल्या. बाईंजवळ पैसा उरला नव्हता. १७९४ मध्ये त्यांनी पॅरिसजवळ साँ-झेरमाँ इथे मुलींची शाळा काढली. जुन्या दरबारची चालरीत शिकवणारी बाई म्हणून शाळेचे नाव झाले. नेपोलियनची सावत्र मुलगी ऑर्तांस तिथे शिकली, त्याची धाकटी बहीण कारोलिनही शिकली. पहिली पुढे हॉलंडची राणी झाली, दुसरी नेपल्सची. नेपोलियनने नवा दरबार थाटला तेव्हा जुने रिवाज माहीत असणारी माणसे शोधावी लागली, आणि ज्या हातांनी सदरा दुसऱ्यांच्या हवाली करायचा एवढेच काम केले होते, त्या बाईंचा सल्ला घेतला गेला. १८०७ मध्ये त्याने त्यांना एकुआँच्या सरकारी कन्याशाळेची मुख्य केले. मग १८१४ मध्ये जुने राजघराणे परत आले. ज्यांच्या राणीची बाईंनी इतकी वर्षे सेवा केली होती त्यांनीच आता त्यांना नेपोलियनचे माणूस ठरवले, आणि ती नोकरी गेली. मांत नावाच्या लहान गावी त्या जाऊन राहिल्या, आणि १८२२ मध्ये तिथेच वारल्या. सदऱ्याची ती गोष्ट छापून निघाली त्यांच्या पश्चात.